ढग साडेतीनशे जीबीचे, लॅपटॉप आठ जीबीचा: चित्र सर्व्हरवरच कसं काढायचं

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच दिसेल.

सोलापूर परिसरावरच्या पावसाळी ढगांचं डब्ल्यूआरएफ (हवामानाचं संगणकीय) मॉडेल तुम्ही कॉलेजच्या सर्व्हरवर चालवलंय. जाळी ७०० गुणिले ६०० गुणिले ६०, चोवीस तासांचा काळ आणि दर पाच मिनिटांनी एक नोंद. सर्व्हरला ३२ कोअर, २५६ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचं एक कार्ड आहे, मॉनिटर नाही. तुमच्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि जुळे सोलापुरातल्या घरी ४० एमबीपीएसचं कनेक्शन. एसएसएच (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी) वापरून, एक्स फॉरवर्डिंगने, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमची खिडकी लॅपटॉपवर आणून, पॅराव्ह्यू हे डेटाची त्रिमितीय चित्रं काढणारं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं तर खिडकी येते आणि बंद पडते. लॅपटॉपवरच्या पॅराव्ह्यूमधून सर्व्हरला जोडायला गेलात तर 'हँडशेक' (दोन्ही बाजूंची पहिली ओळख) जमला नाही असा संदेश येतो. गाईड म्हणतात दोन लाखांचा लॅपटॉप घ्या, आणि तुम्ही विचारताय की घ्यावा का.

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. तुमची अडचण लॅपटॉपच्या ताकदीची नाही. डेटा कुठे आहे आणि चित्र कुठे तयार होतंय, या दोन जागा तुमच्या मांडणीत वेगवेगळ्या पडल्यात. त्या एकत्र आणल्या की आहे तोच लॅपटॉप पुरेल. मी बरीच वर्षं अशा सर्व्हरांची मांडणी करून देतो. मदतीला येणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाडी याच ठिकाणी अडलेली असते.

आधी आकडे बघू, कारण पुढचा सगळा निर्णय त्यांवरच आहे. तुमच्या जाळीत २ कोटी ५२ लाख बिंदू आहेत. एका बिंदूला चार बाइट धरले तर एका वेळेचं एक चलक (वारा, तापमान अशी एक राशी) साधारण १०० एमबी होतं. त्रिमितीय चलकं बारा धरली तर एका वेळेला १.२ जीबी, आणि २८८ वेळांचे मिळून जवळपास ३४५ जीबी. हे ४० एमबीपीएसवर घरी उतरवायचं म्हटलं तर मध्ये काहीही न तुटता १९ तास लागतील. उलट पूर्ण पडद्याचं एक चित्र, म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, कसलंही आकुंचन न करता ६ एमबीच्या आसपास असतं आणि आकुंचन केल्यावर त्याच्याही कितीतरी खाली येतं. दूरस्थ रेंडरिंगमागचा, म्हणजे डेटातून चित्र रंगवण्याचं काम दूरच्या यंत्रावर करण्यामागचा, सगळा विचार एवढाच: डेटा हलवायचा नाही, चित्र हलवायचं.

आपल्या गावाला हे वेगळं समजवायला नको. चाटी गल्लीतल्या दुकानदाराला चादरीचं नवं डिझाइन बघायचं असेल तर तो अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून गठ्ठा उचलून आणायला लावत नाही. माग जिथे आहे तिथेच चादर पसरतात, फोटो काढतात आणि पाठवतात. दुकानदार म्हणतो, काठ जवळून दाखव, की दुसरा फोटो येतो. तुम्ही माउस फिरवता तेव्हा नेमकं असंच व्हायला हवं. 'इकडून दाखव' एवढा निरोप सर्व्हरला जावा आणि तिथून चित्र यावं.

एक्स फॉरवर्डिंगमध्ये याच्या उलट होतं. तिथे प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो, पण काढायच्या आज्ञा तुमच्या लॅपटॉपकडे पाठवल्या जातात आणि रंगवायचं काम लॅपटॉपवर येतं. शिवाय हा मार्ग ओपनजीएलच्या (कार्डाला चित्र काढायच्या आज्ञा देण्याच्या पद्धतीच्या) जुन्या आवृत्त्यांपुरताच बनलेला आहे. पॅराव्ह्यूला आज किमान ओपनजीएल ३.२ लागतं. त्यामुळे तुमची खिडकी बंद पडते यात तुमचा काहीच दोष नाही. तो रस्ता सोडून द्या, त्यात आणखी एक संध्याकाळही घालवू नका.

आता मार्ग कोणता घ्यायचा, हे तुम्ही काय आणि कसं बघणार यावर अवलंबून आहे. मी तीन मार्ग वापरतो.

पहिला पॅराव्ह्यूचा स्वतःचा क्लायंट-सर्व्हर. खिडकी आणि बटणं लॅपटॉपवर. फाइल वाचणं, छेद घेणं, पृष्ठभाग काढणं, रंगवणं हे सगळं सर्व्हरवरच्या 'पीव्हीसर्व्हर' नावाच्या प्रोग्रॅमकडे. पॅराव्ह्यूचं काम २००० साली किटवेअर आणि लॉस अलामोस प्रयोगशाळेने मिळून सुरू केलं ते अवाढव्य डेटासाठीच, त्यामुळे ही विभागणी त्याच्या मूळ बांधणीतच आहे. तुमच्या कामाला मी हाच मार्ग सुचवेन.

दुसरा मार्ग आख्खा डेस्कटॉपच सर्व्हरवर चालवून त्याचं चित्र घरी आणण्याचा: टर्बोव्हीएनसी आणि जोडीला व्हर्च्युअलजीएल. पॅराव्ह्यूखेरीज दुसरं काही चालवायचं असेल तर हा लागतो. तुमच्या बाबतीत तशी शक्यता आहे, कारण अमेरिकेतल्या एनसीएआर संस्थेचं 'व्हेपर' हे सॉफ्टवेअर डब्ल्यूआरएफच्या फाइली सरळ वाचतं आणि हवामानवाल्यांना ते सोयीचं पडतं. व्हर्च्युअलजीएलच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ईजीएलची सोय आली आहे, म्हणजे कार्ड वापरण्यासाठी सर्व्हरवर वेगळा एक्स सर्व्हर (लिनक्सवर पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम) चालू ठेवायची गरज उरली नाही.

तिसरा मार्ग म्हणजे खिडकीच नको. काय काढायचं ते एकदा ठरलं की त्याची पायथन स्क्रिप्ट करायची आणि 'पीव्हीबॅच'ला देऊन रात्रभरात २८८ चित्रं काढून घ्यायची. प्रबंधातली चित्रं आणि व्हिडिओ मी नेहमी असेच करतो. क्लायंट-सर्व्हरमध्ये बसून योग्य कोन, रंगपट्टी, पृष्ठभागाची किंमत ठरवायची, मग 'सेव्ह स्टेट' करताना पायथनचा प्रकार निवडायचा. हाताशी तयार स्क्रिप्ट येते. सहा महिन्यांनी परीक्षकाने 'हेच चित्र दुसऱ्या दिवसाचं दाखवा' म्हटलं तर फाइलचं नाव बदललं की काम झालं.

आता हँडशेकची गोष्ट. याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: दोन्हीकडच्या पॅराव्ह्यूच्या आवृत्त्या जुळत नाहीत. सर्व्हरवर उबुंटूच्या भांडारातून टाकलेलं जुनं पॅराव्ह्यू आणि लॅपटॉपवर संकेतस्थळावरून उतरवलेलं नवं, अशी जोडी मी वारंवार पाहतो. लॅपटॉपवर विंडोज आणि सर्व्हरवर लिनक्स असलं तरी चालतं, आवृत्ती मात्र एकच हवी. दोन्हीकडे पॅराव्ह्यूच्या अधिकृत पानावरूनच, आवृत्तीचे सगळे आकडे जुळवून उतरवा. सर्व्हरवर प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. आपल्या फोल्डरमध्ये उलगडलं की झालं.

उतरवताना एक गोष्ट बघा. पाचव्या मालिकेत लिनक्ससाठी वेगवेगळे गठ्ठे मिळतात: साधा, ईजीएलचा आणि ओएसमेसाचा. साध्याला मॉनिटर किंवा एक्स सर्व्हर लागतो, तो तुमच्याकडे नाही. ईजीएलचा गठ्ठा मॉनिटरशिवाय थेट ग्राफिक्स कार्डाशी बोलतो. ओएसमेसाचा कार्डाशिवाय, प्रोसेसरवरच रंगवतो. तुमच्याकडे कार्ड आहे तेव्हा ईजीएल. सहाव्या मालिकेत ही निवड प्रोग्रॅम चालू होताना आपोआप होते, पण नेमकी कोणती झाली हे तपासायची जबाबदारी तुमचीच राहते. त्याकडे मी येतोच.

सर्व्हरवर सुरू करताना पीव्हीसर्व्हर एमपीआयखाली, म्हणजे अनेक प्रक्रियांना एकत्र कामाला लावणाऱ्या व्यवस्थेखाली, आठ प्रक्रियांनी चालवा. इथे एक खड्डा आहे. पॅराव्ह्यूच्या गठ्ठ्यासोबत त्याचा स्वतःचा 'एमपीआयएक्झेक' येतो. डब्ल्यूआरएफसाठी तुमच्या सर्व्हरवर दुसरं एमपीआय नक्कीच असणार आणि सवयीने तेच 'एमपीआयरन' टाइप केलं जातं. तसं केलंत तर आठ हातांचा एक सर्व्हर न उभा राहता एकमेकांना न ओळखणारे आठ सुटे सर्व्हर उभे राहतात. ओळखायची खूण सोपी आहे. टर्मिनलवर 'वेटिंग फॉर क्लायंट' ही ओळ एकदाच दिसायला हवी. ती पुन्हा पुन्हा दिसली किंवा पोर्ट आधीच वापरात असल्याची तक्रार आली, तर एमपीआय चुकलं आहे. गठ्ठ्यातल्याच एमपीआयएक्झेकचा पूर्ण पत्ता देऊन पुन्हा चालवा.

पीव्हीसर्व्हर पोर्ट १११११ वर वाट बघत बसतो. लॅपटॉपवरून एसएसएचला कॅपिटल 'एल'चा पर्याय देऊन लॅपटॉपचा १११११ सर्व्हरच्या १११११ ला जोडा, म्हणजे टनेल तयार होतो. मग पॅराव्ह्यूमध्ये 'कनेक्ट'मध्ये जाऊन पत्ता 'लोकलहोस्ट' आणि पोर्ट तेच द्या. एसएसएचच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' ६० सेकंद ठेवा. नाहीतर चहाला उठून परत येईपर्यंत गप्प पडलेलं कनेक्शन मधला राउटर तोडून टाकतो.

हा टनेल सोयीपुरता नाही. कॉलेजच्या नेटवर्कवाल्यांना सांगून पोर्ट १११११ बाहेरच्या इंटरनेटला उघडून घेणारे लोक मला भेटलेत. कृपा करून तसं करू नका. पीव्हीसर्व्हर पासवर्ड विचारत नाही आणि त्याची वाहतूक कूटबद्धही नसते. जो आधी जोडेल त्याला 'प्रोग्रॅमेबल फिल्टर'मधून तुमच्या खात्याच्या अधिकाराने त्या यंत्रावर वाटेल तो पायथन कोड चालवता येतो. प्रबंधाचा सगळा डेटा त्याच खात्यात आहे. बाहेरून फक्त एसएसएच उघडं असावं, बाकी सगळं त्याच्या आतून.

जोडणी झाली, चित्र आलं. इथे बहुतेक जण थांबतात. मी थांबू नका म्हणतो, कारण चित्र येणं आणि ते कार्डावर तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात मी असाच सर्व्हर लावून दिला. चाचणीला ठेवलेला छोटा नमुना छान फिरला, सगळे खूश, मी घरी आलो. आठवड्याने तिथल्या विद्यार्थ्याचा फोन: खरा डेटा उघडला की एक चित्र यायला बारा-पंधरा सेकंद लागतात. मी आधी नेटवर्क तपासलं, मग डिस्क. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी 'हेल्प'मधल्या 'अबाउट'मध्ये 'कनेक्शन इन्फर्मेशन'चा भाग उघडला. तिथे ओपनजीएल रेंडररसमोर कार्डाचं नाव असायला हवं होतं, आणि लिहिलं होतं 'एलएलव्हीएमपाइप'. म्हणजे कार्ड नुसतं बसून होतं आणि सगळं रंगकाम प्रोसेसर करत होता. ड्रायव्हर टाकताना फक्त गणनेचा भाग टाकला गेला होता, ग्राफिक्सच्या लायब्ररी नव्हत्या. कुठेही चूक झाल्याचा संदेश नाही, लाल अक्षरं नाहीत. तेव्हापासून जोडणी झाली की पहिल्यांदा मी ती ओळ वाचतो. त्याच ठिकाणी प्रक्रियांची संख्याही दिसते. आठ दिल्या असतील तर आठच दिसायला हव्यात.

दुसरी तपासणी सर्व्हरवरून. एका टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' दर सेकंदाला चालू ठेवा आणि पॅराव्ह्यूमध्ये चित्र फिरवा. यादीत पीव्हीसर्व्हरच्या नावासमोर 'जी' हे अक्षर यायला हवं. ग्राफिक्स चालू असल्याची ती खूण. 'सी' म्हणजे नुसती गणना. तिसरी, 'रेंडर व्ह्यू'च्या सेटिंगमध्ये 'शो अ‍ॅनोटेशन' चालू केलं की चित्रावरच रेंडरिंग दूरस्थ आहे की स्थानिक आणि सेकंदाला किती चित्रं येताहेत ते दिसतं.

हे दिसेल तेव्हा एक गोष्ट तुम्हाला गोंधळात टाकेल, म्हणून आधीच सांगतो. काही चित्रं सर्व्हरवर रंगतील आणि काही लॅपटॉपवर. पॅराव्ह्यू काढलेल्या भूमितीचा आकार बघतो. ती २० एमबीपेक्षा लहान असेल तर भूमितीच लॅपटॉपला पाठवतो, कारण मग फिरवताना नेटवर्कची वाटच बघावी लागत नाही. तुमचा पूर्व-पश्चिम उभा छेद म्हणजे ७०० गुणिले ६० बिंदू, तो सरळ घरी येईल आणि लोण्यासारखा फिरेल. ढगजलाचा समपृष्ठ (एकाच किमतीचे बिंदू जोडून होणारा पृष्ठभाग) मात्र सहज शंभर एमबीवर जातो, तो सर्व्हरवरच रंगेल. ही मर्यादा 'रिमोट रेंडर थ्रेशोल्ड' नावाने सेटिंगमध्ये आहे. लॅपटॉप धापा टाकायला लागला तर ती शून्य करा, म्हणजे सगळं सर्व्हरवर. त्याच पानावर चित्राच्या आकुंचनाचे पर्याय आहेत. घरच्या कनेक्शनवर तिथे आधीच तयार असलेली मंद नेटवर्कसाठीची मांडणी निवडा. फिरवताना चित्र थोडं भरड दिसेल, हात थांबला की स्वच्छ होईल.

आता मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात रडगाणं रेंडरिंगचं असतं आणि दुखणं फाइल वाचण्यात असतं.

तुमच्या एका वेळेच्या बारा चलकांचे १.२ जीबी होतात. सर्व्हरवर साधी फिरती हार्ड डिस्क असेल आणि ती सेकंदाला १५० एमबी देत असेल, तर नुसतं वाचायला आठ सेकंद. कार्ड कितीही महाग असो, वेळ पुढे सरकवायचं बटण दाबलं की आठ सेकंद बसून राहायचं. म्हणून उघडताना सगळ्या चलकांसमोरच्या खुणा काढून टाका. ढगजल, पर्जन्यजल, उभा वेग एवढीच ठेवा. तीन चलकं म्हणजे ३०० एमबी, म्हणजे दोन सेकंद. तुमचं निम्मं दुःख या तीन खुणांत संपेल. सर्व्हरला एनव्हीएमई डिस्क असेल तर चालू आठवड्याचा डेटा तिच्यावर ठेवा, बाकी जुन्या डिस्कवर.

मग डब्ल्यूआरएफच्या फाइलीचा स्वभाव. ती नेटसीडीएफ (हवामानाच्या डेटाचं प्रचलित स्वरूप) आहे आणि पॅराव्ह्यू नेटसीडीएफ वाचतं, पण त्यातून चूक चित्र मिळतं. वाऱ्याचे घटक पेशीच्या मध्यावर नसतात, तिच्या बाजूंवर असतात. दाब दोन भागांत ठेवलेला असतो, ते मिळवावे लागतात. तापमानाच्या चलकात ३०० मिळवल्याशिवाय विभव तापमान मिळत नाही. आणि उभे स्तर उंचीचे नसून जमिनीचा आकार पांघरलेले असतात. भूविभवाचे दोन भाग मिळवून ९.८१ ने भागलं की त्यांची खरी उंची निघते. हे सगळं आधी एकदा पायथनमध्ये 'डब्ल्यूआरएफ-पायथन' वापरून करून घ्या आणि व्हीटीकेच्या (पॅराव्ह्यू ज्यावर उभं आहे त्या लायब्ररीच्या) संरचित जाळीच्या स्वरूपात, तुकड्यांमध्ये लिहून ठेवा. सर्व्हरवर एक रात्र जाईल, पण नंतर महिनोन्‌महिने सुख लागेल. नाहीतर सह्याद्री सपाट दिसेल आणि सोलापूर पर्जन्यछायेत का आहे हे सांगणारं चित्रच हातात येणार नाही.

तुकड्यांचा आग्रह एवढ्यासाठी की आठ प्रक्रिया दिल्या म्हणून आठ जण काम करतात असं होत नाही. फाइल एकाच प्रक्रियेने वाचली तर उरलेल्या सात जणी हात बांधून उभ्या राहतात. तपासायला 'प्रोसेस आयडी'चा फिल्टर लावा आणि त्यावर रंग द्या. आठ रंगांचे पट्टे दिसले तर वाटणी नीट आहे. सगळं एकाच रंगाचं दिसलं तर 'रीडिस्ट्रिब्यूट डेटासेट' लावून वाटून घ्या. पण ते दर वेळेला पुन्हा होतं आणि जाळी असंरचित करून टाकतं, म्हणून मूळ फाइलच तुकड्यांत लिहिणं चांगलं.

असंरचित शब्द आला तर तुमच्या रॅमबद्दलही सांगतो. 'क्लिप' आणि 'थ्रेशोल्ड' हे फिल्टर नवे लोक फार वापरतात आणि दोन्ही संरचित जाळीची असंरचित जाळी करतात. संरचित जाळीत शेजारी कोण हे लिहून ठेवावं लागत नाही. असंरचित झाली की प्रत्येक पेशीचे आठ कोपरे नोंदवावे लागतात: आठ आकडे आठ-आठ बाइटचे, शिवाय त्यांची जागा आणि प्रकार, म्हणजे पेशीमागे ७३ बाइट. अडीच कोटी पेशींना १.८ जीबी, तेही कोऱ्या जाळीला, डेटा वेगळाच. असे चार फिल्टर एकाखाली एक लावले की मेमरी भराभर खर्च होते, आणि त्या सर्व्हरवर इतरांची मॉडेलंही चालू असतात. नुसता एक भाग कापून हवा असेल तर 'एक्स्ट्रॅक्ट सबसेट' वापरा, त्यात जाळी संरचितच राहते. 'मेमरी इन्स्पेक्टर' नेहमी एका कडेला उघडं असू द्या.

कार्डाबद्दल तुम्ही शेवटी विचारलं होतं की विभागाला नवीन घ्यायचं असेल तर कोणतं. हे खरोखर निधी आणि इतर वापरावर अवलंबून आहे, म्हणून मॉडेलचं नाव देत नाही. एवढं लक्षात ठेवा की गणनेसाठीचं सर्वांत महागडं कार्ड रंगवण्यात सर्वांत चांगलं असतंच असं नाही. एनव्हिडियाच्या एच१०० मध्ये ग्राफिक्सचं काम करू शकणारे विभाग, ज्यांना टीपीसी म्हणतात, सगळ्या चिपमध्ये मिळून फक्त दोन आहेत. एआयच्या निधीतून तसलं कार्ड आलं आणि 'त्यावरच व्हिज्युअलायझेशनही करा' असं ठरलं, तर निराशा होईल. वर्कस्टेशन वर्गातलं, १६ ते २४ जीबी मेमरीचं कार्ड तुमच्या आकाराच्या डेटाला पुरेसं आहे. कार्ड अजिबात नसलं तरी उभे छेद आणि समपृष्ठ ३२ कोअरवर ओएसमेसाने नीट निघतात, फक्त प्रत्येक प्रक्रियेला रंगवण्याचे धागे एक-दोनच द्यावे, नाहीतर त्या एकमेकींच्या पायात येतात.

दोन गोष्टी सोलापूरच्या म्हणून सांगायच्या राहिल्या.

एक वीज. क्लायंट तुटला की पीव्हीसर्व्हर सहसा स्वतःही बंद होतो. घरची लाइट गेली, राउटर बंद पडला, की तासभर बसवलेले कोन, रंग, फिल्टर सगळं गेलं. सर्व्हर यूपीएसवर आहे याचा इथे काही उपयोग नाही. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी 'सेव्ह स्टेट' करायची सवय लावा. ती फाइल लहानशी असते आणि तिच्यातून सगळी मांडणी परत उभी राहते. राउटरला छोटा यूपीएस मिळतो, तो दोन लाखांच्या लॅपटॉपच्या तुलनेत काहीच नाही. व्हीएनसीचा डेस्कटॉप मात्र तुटल्यावरही सर्व्हरवर जिवंत राहतो आणि लाइट आल्यावर जिथे होतात तिथेच परत जाता येतं. दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या भागात असाल तर एवढ्या एका कारणासाठी मी दुसरा मार्ग पहिल्यावर ठेवेन. परत जोडण्याआधी सर्व्हरवर जुन्या प्रक्रिया अडकून राहिल्या नाहीत ना ते बघा, कधीकधी त्या मेमरी धरून बसतात.

दुसरी ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो आणि सर्व्हरच्या खोलीतला एसी दुपारी हार मानतो. कार्ड तापलं की ते स्वतःचा वेग कमी करतं. सकाळी सेकंदाला वीस चित्रं आणि दुपारी तीन वाजता सहा, असं झालं तर सेटिंग बदलत बसू नका. 'एनव्हिडिया-एसएमआय'ला सविस्तर माहिती मागा, उष्णतेमुळे वेग कमी केल्याची नोंद तिथे दिसते. मे महिन्यात लांबलचक पीव्हीबॅच मी रात्री दहानंतरच लावतो.

विषय तुम्ही फार चांगला घेतलाय. पुण्याच्या आयआयटीएमने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात ढगांवर बीजारोपणाचे प्रयोग केले, त्यात २७६ ढग तपासले होते. विमानं डोक्यावरून जाताना आपण सगळ्यांनी पाहिली. त्या ढगांच्या आत काय चाललेलं असतं हे इथल्याच कॉलेजात बसून, इथल्याच कोणीतरी उलगडून दाखवावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लॅपटॉप आड येऊ नये.

तर आता एवढं करा: दोन्हीकडे एकच आवृत्ती टाका, टनेलमधून जोडा, आणि एकच वेळ, एकच चलक, ढगजल, उघडून त्याचा समपृष्ठ काढा. मग मला दोन गोष्टी कळवा. कनेक्शन इन्फर्मेशनमध्ये ओपनजीएल रेंडररसमोर काय लिहिलंय, आणि पुढच्या वेळेचं बटण दाबल्यापासून चित्र यायला घड्याळात किती सेकंद गेले. 'टूल्स'मधला 'टायमर लॉग' उघडलात तर त्या सेकंदांतले वाचायला किती आणि रंगवायला किती हेही दिसेल, तेवढा भाग उतरवून पाठवा.